पुढे चाल, मग बाद

आमच्या शाळेत क्रीडाशिक्षक एकच आहेत आणि संघ मात्र बरेच. मुलींचा संघ बाहेर न्यायचा म्हटलं की सोबत एक शिक्षिका लागते. ती कोण, हे जूनमध्ये स्टाफरूममध्ये ठरतं. म्हणजे सर आत येतात तेव्हा जी वह्यांत डोकं घालून बसलेली नसेल, ती. यंदा, २०२५-२६ ला, चौदा वर्षांखालच्या मुलींचा खो-खोचा संघ असा माझ्या वाट्याला आला. मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. लहानपणी लंगडी आणि लगोरी भरपूर खेळले, पण खो-खो बघण्यापलीकडे माझा संबंध नव्हता. सर म्हणाले, “मॅडम, खेळाचं मी बघतो. तुम्ही फक्त कागद आणि मुली सांभाळा.”

कागदांपासूनच सुरुवात झाली. शालेय क्रीडा स्पर्धा म्हणजे शाळेनं संघ घेऊन मैदानावर हजर व्हायचं आणि खेळायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा जुलै महिन्यात कुठल्याही शाळेच्या कार्यालयात जाऊन बसावं. शाळेची ऑनलाइन नोंदणी, मग प्रत्येक खेळाची प्रवेशिका, मग प्रत्येक मुलीची माहिती: पूर्ण नाव, जन्मतारीख, जनरल रजिस्टरचा क्रमांक, आधार, फोटो. ओळखपत्रावर मुख्याध्यापिकांची सही आणि शिक्का. शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर पडला पाहिजे, नाहीतर मैदानावरचे लोक हरकत घेतात. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये तिसरं, हा प्रकार बारा मुलींच्या संघात किती निघावा? एका मुलीचं नाव तिन्ही ठिकाणी वेगळ्या स्पेलिंगनं होतं. तिचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. एक दिवसाची मजुरी बुडवून ते आले आणि मला विचारू लागले, “बाई, पळायला नाव कशाला लागतं?” मी काय सांगणार? अर्ज भरून दिला.

सगळ्यात वाईट होती ती जन्मतारखेची रेषा. चौदा वर्षांखालच्या गटात यंदा १ जानेवारी २०१२ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच खेळता येतं. आमची सर्वांत चांगली पोलवाली, म्हणजे खांबाजवळ सूर मारून गडी टिपणारी, आठवीतली. तिचा जन्म डिसेंबर २०११ च्या शेवटच्या आठवड्यातला. चार दिवसांनी हुकली. आता तिनं खेळायचं तर सतरा वर्षांखालच्या गटात, नववी-दहावीतल्या, तिच्यापेक्षा वीतभर उंच मुलींबरोबर. त्या संघात तिला राखीव म्हणूनसुद्धा जागा नव्हती. नियम आहे, कुठेतरी रेषा आखावीच लागणार, हे मलाही कळतं. तिलाही कळलं असावं, कारण ती रडली वगैरे नाही. दुसऱ्या दिवशी सरावाला आली आणि सरांच्या शेजारी उभी राहून बाकीच्या मुलींना ओरडायला लागली. सरांनीही तिला शिट्टी देऊन टाकली.

आमच्या शाळेचं मैदान म्हणजे इमारतीच्या मागची मातीची पट्टी. एका बाजूला स्कूलव्हॅन, दुसऱ्या बाजूला गणपतीच्या मांडवाचे बांबू बारा महिने रचून ठेवलेले. खो-खोचे दोन खांब रोवायला आणि मध्यपाटी, म्हणजे दोन खांबांना जोडणारी मधली पट्टी, आखायला जागा जेमतेम पुरते. दुपारचं सत्र सुटलं की मुली दप्तरं भिंतीशी टाकत, आणि ज्यांची पाळी असेल त्या दोघी फक्कीची पिशवी घेऊन रेषा आखत. पावसाळ्यात संध्याकाळी आखलेली फक्की सकाळी धुऊन गेलेली असे, म्हणजे रोज नव्यानं. सर म्हणत, रेषा आखणाऱ्या मुलीला पाटी कुठे आहे हे खाली न बघता कळायला लागतं. ते खरं की कामाला लावायची युक्ती, मला अजून समजलेलं नाही.

पहिले काही दिवस मी हजेरी घेऊन कडेला बाकावर वह्या तपासत बसायचे. मग हळूहळू वह्या बाजूला राहिल्या, त्याचं कारण ‘खो’. लांबून बघताना वाटतं, पाठीवर थाप मारली, ओरडलं, झालं. जवळून बघितलं की त्यात किती गोष्टी एकदम व्हाव्या लागतात ते दिसतं. पळणाऱ्या मुलीनं बसलेलीच्या मागूनच यायला हवं, हात लागायला आणि तोंडातून खो निघायला एकच वेळ हवी, आणि बसलेलीनं त्याच्या आधी तसूभरही उठायचं नाही. आठ जणी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या असतात. उठली की जिकडे पहिलं पाऊल पडलं तीच दिशा. खांबापलीकडे गेल्याशिवाय मागे वळता येत नाही, मध्यपाटी ओलांडता येत नाही. पळती मुलगी मात्र हवी तशी या बाजूची त्या बाजूला जाऊ शकते. म्हणजे पाठलाग करणारीचे हातपाय नियमांनी बांधलेले आणि पळणारी मोकळी. मग पाठलाग करणारीजवळ उरतं काय? तर शेजारच्या मैत्रिणीला वेळेवर उठवणं, एवढंच.

आमच्या मुलींचं घोडं तिथेच अडत होतं. हात आधी लागायचा, खो नंतर निघायचा. किंवा बसलेली मुलगी आवाजाची वाट न बघता अंदाजानं उठायची. फाऊल. सर बोलून बोलून थकले. उपाय सापडला तो ऑगस्टमध्ये, ढोल-ताशांमुळे. आमच्या शेजारच्या मोकळ्या जागेत एका पथकाचा सराव सहाच्या सुमाराला सुरू होतो. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी ज्यांची घरं अशा जागेजवळ आहेत त्यांना काही सांगायला नको. पहिल्या दिवशी मुलींना एकमेकींचं काही ऐकूच येईना. सगळा खेळ विस्कटला. मी सरांना म्हटलं, सराव लवकर संपवू या. ते म्हणाले, “उलट उशिरापर्यंत चालू ठेवू.” ढोलाच्या वरताण ओरडल्याशिवाय शेजारची उठतच नाही म्हटल्यावर आवाज पोटातून यायला लागला, आणि आवाज पोटातून काढायचा तर दम धरून, हात टेकतानाच काढावा लागतो. दोन आठवड्यांत फाऊल निम्म्यावर आले. मी वहीत टिपत होते म्हणून सांगते. पथकवाल्यांना याची कल्पना नाही.

मुसळधार पाऊस लागला की सर आम्हाला वर्गात बसवून फळ्यावर खडूनं चौक, म्हणजे मुलींच्या बसायच्या जागा, काढायचे आणि पळतीनं हुलकावणी द्यायच्या चाली समजवायचे: एकेरी आणि दुहेरी साखळी, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळणं, आणि गोल. मधेच इतिहास सांगायचे. खो-खोचे नियम पहिल्यांदा नीट लिहून काढले ते १९१४ मध्ये, इथल्या डेक्कन जिमखान्यानं, हे मला तिथेच कळलं. त्याआधी हा खेळ होताच, पण गावागणिक वेगळा. मुलींना जिमखाना म्हणजे बसचा थांबा एवढंच ठाऊक. एकीनं विचारलं, “म्हणजे आपण खेळतो तो खेळ डेक्कनवर बनलाय?” सरांनी “बनला नाही, बसवला” असं उत्तर दिलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ अंतिम सामन्यात नेपाळला हरवून जिंकले, ते मात्र सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलेलं होतं. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार पुण्याच्या मैदानांवर खेळून पुढे गेलेले. आमच्या कर्णधाराच्या कंपासपेटीत प्रियांकाचा वर्तमानपत्रातला फोटो घडी करून ठेवलेला आहे. फक्त ते मॅटवर खेळतात आणि आम्ही मातीवर. मॅटवरचा सूर आणि मातीवरचा सूर यांतला फरक आमच्या मुलींच्या कोपरांवर लिहिलेला असतो. माझ्या पर्समध्ये त्या महिन्यांत हळदीची पुडी, कापूस आणि चिकटपट्टी कायम.

पर्समध्ये आणखी एक गोष्ट असे, ती म्हणजे सॅनिटरी पॅड. बारा-तेरा वर्षांच्या मुली. काहींची पाळी नुकतीच सुरू झालेली, काहींची कधी येईल याचा नेम नाही. एकीनं सलग दोन दिवस पोटात दुखतंय म्हणून दांडी मारली तेव्हा सरांना वाटलं, टंगळमंगळ करते आहे. मी बोलले तिच्याशी. मग सरांशीही बोलले, स्पष्ट शब्दांत, आणि त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. पुढे मुली “मॅडम, आज मी नुसती बसते” एवढंच म्हणत आणि विषय संपे. संघाबरोबर शिक्षिका कशाला, याचं उत्तर कुठल्याही परिपत्रकापेक्षा मला इथे मिळालं.

मुलांच्या कबड्डीचा हंगाम याच सुमाराला चालू होता. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तो संघ माझा नाही. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. शालेय कबड्डीत वजनाची अट असते. वजनाच्या सकाळी आमची दोन मुलं रात्रीपासून उपाशी होती आणि त्यातला एक स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारत होता, काट्यावर थोडंसं जास्त भरलं म्हणून. शेवटी वजन बसलं, खेळला, आणि मध्यंतरात उलटी केली. तेरा वर्षांचा मुलगा. त्याला कोणी सांगितलं असं करायला? कोणीच नाही. मोठ्या मुलांचं बघून शिकला. कबड्डीच्या संघानं दोन सामने जिंकले, तिसऱ्यात हरले. बुद्धिबळातली आमची सहावीतली मुलगी शांतपणे चांगली खेळून आली आणि तिचं कौतुक परिपाठात अर्ध्या मिनिटात आटोपलं. खो-खोची गोष्ट वेगळी होती. खो-खोवर शाळेचा जीव होता.

गणपती उठले. सप्टेंबरच्या मध्याला आमची तारीख लागली. मोठ्या स्पर्धांमध्ये पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण हे तिन्ही वेगळे खेळतात. महापालिकेचा विजेता विभागाला, तिथून राज्याला. म्हणजे आमच्या समोर शहरातल्या शाळा. भाग्यपत्रिका निघाली तेव्हा सर फोनवर ओरडलेच, “मॅडम, पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली!” मुलींना वाटलं, आपण जिंकलो. मीही शाळेत पेढे वाटायच्या बेतात होते. मग लक्षात आलं की पुढे चाल म्हणजे एक सामना न खेळताच संपला. बाद पद्धतीत, म्हणजे हरला तो संघ बाहेर, आधीच हातात किती सामने येणार याची खात्री नसते, त्यातला एक असा गेला.

सामन्याच्या दिवशी सकाळी सातला व्हॅन निघाली. आठला हजर व्हा म्हटलेलं. आमचा सामना लागला साडेअकराला. मधला वेळ मुली एका झाडाखाली सतरंजीवर बसून होत्या, आणि प्रत्येकीच्या आईनं दिलेला डबा नऊलाच संपला. तिथलं मुलींचं स्वच्छतागृह कुलूपबंद होतं. किल्ली कोणाकडे ते कुणालाच माहीत नाही. शेवटी मी समोरच्या एका हॉटेलवाल्याला विनंती केली. त्यानं आढेवेढे न घेता सगळ्यांना जाऊ दिलं, वर बारा जणींना पाणी दिलं. मी मुलींना चार-चारच्या गटानं रस्ता ओलांडून नेत-आणत होते तेव्हा पंच ओळखपत्रं तपासायला बोलवत होते. शिक्के अर्धे-अर्धे बरोब्बर पडलेले होते, याचा मला अभिमान आहे.

आता सामना. चौदा वर्षांखालच्यांना खेळातली पाळी, म्हणजे एका संघाचं आक्रमण, सात मिनिटांची. नाणेफेक समोरच्या शाळेनं जिंकली आणि संरक्षण, म्हणजे पळायची बाजू, घेतलं. म्हणजे आधी आमचं आक्रमण. मुली हबकलेल्या होत्या. पहिल्या तीन मिनिटांत एकच गडी मिळाला. खो मात्र सगळे खणखणीत, एकही फाऊल नाही. पाळी संपली तेव्हा आमचे पाच गडी, म्हणजे पाच गुण. मग त्या आल्या. त्यांची खांबावरची मुलगी बघताना आमची डिसेंबरवाली माझ्या शेजारी दात ओठ खात होती. त्यांनी आमच्या आठ जणींना बाद केलं. मध्यंतराला ५-८.

सर रागावले नाहीत. त्यांनी फक्त तुकड्या बदलल्या. पळताना तीन-तीन जणींची तुकडी आत जाते आणि तिघी बाद झाल्याशिवाय पुढची येत नाही. पहिल्या डावात त्यांनी सर्वांत चपळ मुलीला दुसऱ्या तुकडीत राखून ठेवलं होतं. तिला सगळा संघ खार म्हणतो, कारण ती खांबाला वळसा घालते तेव्हा खांबावर चढते आहे असं वाटतं. सर म्हणाले, “खार पहिल्या तुकडीत.” आणि डिसेंबरवालीनं, जिला मैदानात पाऊल टाकायचा हक्क नव्हता, तिनं बसणाऱ्या मुलींचा क्रम बदलायला सुचवलं: उंच मुलगी खांबाजवळच्या चौकात. सरांनी ऐकलं.

दुसऱ्या डावात आमच्या आक्रमणाला सात गडी मिळाले. १२-८. उंच मुलीनं त्यातले तीन टिपले. आता त्यांना जिंकायला पाच हवे आणि आम्हाला सात मिनिटं तग धरायचा.

खार, कर्णधार आणि सातवीतली एक अशा तिघी आत गेल्या. दीड मिनिटाला सातवीतली गेली. दोन-वीसला कर्णधार. खार एकटी उरली. मी गेले तीन महिने हे रोज बघत होते, तरी त्या दीड मिनिटात तिनं जे केलं ते कधी पाहिलं नव्हतं. दोन चौक दुहेरी साखळी, मग अचानक थांबून मागे, पाठलाग करणारी पुढे निघून गेलेली, तिला खो द्यायलाच लागणार, तेवढ्यात खार पाटी ओलांडून पलीकडे. रात्री पाऊस पडून गेला होता. खांबाजवळची माती वरून कोरडी आणि खाली ओली. तिचा उजवा पाय तिथे घसरला, पडली नाही, पण हात टेकला. तेवढं पुरलं. तीन मिनिटं पन्नास सेकंद. समोरच्या शाळेच्या मुलींनीही टाळ्या वाजवल्या.

१२-११. दुसऱ्या तुकडीतली पहिली पाच-दहाला बाद. १२-१२. आता एक गडी गेला की सामना गेला, आणि उरलेले एक मिनिट पन्नास सेकंद काढले तर अलाहिदा डाव, म्हणजे बरोबरी फोडायला जादा डाव. सरांनी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं. शेवटी सहा-वीसला गडी गेला. चाळीस सेकंद राखून आम्ही हरलो.

मुली रडल्या, अर्थात. पंचांनी पाठ थोपटली, सरांनी “पुढच्या वर्षी” म्हटलं, आणि व्हॅनमध्ये पंधरा मिनिटांत गाण्याच्या भेंड्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी सुटी झाल्यावर त्या दप्तरं घेऊन माझ्यासमोर उभ्या. “मॅडम, आज प्रॅक्टिस आहे?” सरांच्या दृष्टीनं हंगाम संपला होता. आता पुढच्या जूनपर्यंत खांब काढून स्टोअररूममध्ये.

मी तेव्हा बसून हिशेब केला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सराव, आणि खेळ चार पाळ्यांचा, अठ्ठावीस मिनिटं. संघातल्या तिघी राखीव, त्या एक मिनिटही मैदानात आल्या नाहीत. आणि आम्ही काही अपवाद नव्हे. बत्तीस संघ बाद पद्धतीनं खेळले तर एकूण एकतीस सामने होतात, आणि सोळा संघ एकच सामना खेळून घरी जातात. दुसऱ्या फेरीत गळणारे आणखी आठ, त्यांचे दोनच. संघ बत्तीसपेक्षा कमी असले की आमच्यासारखी काहींना पुढे चाल मिळते, मग दुसऱ्या फेरीत गळूनही त्यांचा एकच. म्हणजे ज्यांना खेळायची सर्वांत जास्त गरज, ते सर्वांत कमी खेळतात, आणि ज्या शाळांना आधीच चांगलं मैदान, जुना क्लब, तयार मुली आहेत, त्या पाच-पाच सामने खेळून आणखी तयार होतात. तेच बत्तीस संघ चार-चारच्या गटांत साखळी पद्धतीनं, म्हणजे गटातल्या प्रत्येकाशी एकदा, खेळले तर गटांचे अठ्ठेचाळीस सामने होतील, वर बाद फेऱ्या वेगळ्या. मैदानं, पंच, दिवस सगळं जास्त लागेल, आणि सहामाहीच्या तोंडावर शाळा मुली सोडणार नाहीत. आयोजकांची अडचण खोटी नाही. चौदा वर्षांच्या वर बाद पद्धत ठेवा, माझी तक्रार नाही. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीला वर्षाकाठी एक सामना? विज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी मुलांना वर्षातून एकदाच काडी पेटवू दिली तर पालक शाळेत येऊन भांडतील.

सरांना हे सगळं माझ्याआधी माहीत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते म्हणाले, “मॅडम, दर वर्षी असंच असतं.” मी म्हटलं, “मग आपण आपली साखळी लावू.” पहिल्या आणि दुसऱ्या फेरीत हरलेल्या जवळपासच्या शाळांचे क्रीडाशिक्षक त्यांच्या ओळखीचे होतेच. त्यांनी फोन केले, मी पत्रं लिहिली. मुख्याध्यापिकांची एकच अट: शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, आणि पालकांची संमतीपत्रं आधी. एका शाळेनं कळवलं की स्पर्धा अधिकृत नसेल तर संघ पाठवता येत नाही. बाकीच्यांनी होकार दिला आणि आमच्यासकट चार शाळा जमल्या. प्रत्येक शाळा बाकी तिघींशी एकदा खेळणार, तेही आळीपाळीनं एकमेकींच्या मैदानावर.

नियम आम्ही मुलींना विचारून ठरवले. ते अधिकृत पुस्तकाशी जुळत नाहीत. पहिला: संघातली प्रत्येक मुलगी किमान एका पाळीत मैदानात उतरलीच पाहिजे. दुसरा: सहावी ते आठवीतली कोणीही, जन्मतारीख कोणतीही. हा दुसरा नियम मांडला जाताच आमच्या बाजूच्या सगळ्या जणींनी माना वळवून डिसेंबरवालीकडे पाहिलं. पंच म्हणून शाळेचे जुने खेळाडू आले, कॉलेजातली मुलं-मुली, मानधन एक वडापाव आणि चहा. गुणतक्ता कोणाच्या वेबसाइटवर नव्हता. आमच्या जिन्याखालच्या फळ्यावर खडूनं लिहिलेला असे, आणि तो पुसायचा नाही म्हणून शिपाईमामांना ताकीद होती.

दिवाळीनंतरच्या शनिवारी पहिला सामना आम्ही सपशेल हरलो. ढोल नव्हते, थंडी पडायला लागली होती, मुलींना सुट्टीत फराळ चढलेला. पण रडारड नाही. पुढच्या शनिवारी आणखी सामना आहे हे ठाऊक असलं की हरण्याची चव बदलते. घरी जाताना त्या भांडत होत्या, कोणाचा खो उशिरा आला यावरून, तावातावानं. स्पर्धेत हरल्यावर असं कोणी भांडलं नव्हतं; भांडून उपयोग काय होता? दुसरा सामना आमच्या मैदानावर झाला आणि आम्ही दोन गुणांनी जिंकलो. त्यात राखीवमधली एक मुलगी, वर्गात फळ्याजवळ यायला सांगितलं तरी घाबरणारी, पूर्ण दोन मिनिटं पळाली. तिला धड साखळी येत नाही. ती नुसती सरळ पळते आणि ऐन वेळी खाली बसते, की पाठलाग करणारी वरून पुढे जाते. हे तिला कोणी शिकवलं नाही. सरांनी त्यावर नाक मुरडलं आणि पुढच्या सरावाला बाकीच्यांना तेच करून दाखवायला सांगितलं.

डिसेंबरवालीनं त्या सामन्यात खांबावर चार गडी घेतले. दोनदा सूर मारला तो बघण्यासाठी शेजारच्या इमारतीतली मंडळी गॅलरीत आली होती.

खर्चाबद्दल कोणी कोणी विचारतं म्हणून लिहिते. फक्की, वडापाव आणि एकदा व्हॅनचं पेट्रोल, बस. शाळेच्या किरकोळ खर्चात सगळं बसलं. जड गेलं ते मनुष्यबळ. शनिवारची दुपार सर आणि मी दोघांनाही द्यावी लागली, आणि दुसऱ्या शाळेतल्या मॅडमना घरून रोज बोलणी खावी लागत होती. अधिकृत प्रमाणपत्र नाही, दहावीला मिळणाऱ्या खेळाच्या गुणांशी याचा काही संबंध नाही, म्हणून दोन पालकांनी मुली पाठवायचं थांबवलं. त्यातल्या एकीची आई नंतर स्वतःच घेऊन आली. मुलगी घरात उशांवर सूर मारते आहे म्हणाली.

शेवटचा सामना डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आमच्या मैदानावर व्हायचा होता. फळ्यावर आमचे आणि पाहुण्यांचे गुण सारखे, म्हणजे जो जिंकेल तो पहिला. पण त्याच आठवड्यात स्नेहसंमेलनाचा मांडव पडला, तो नेमका खांबांच्या मधोमध. मांडववाला म्हणाला, खांब काढा. सर म्हणाले, मांडव सरकवा. मुख्याध्यापिकांनी खांब काढायला सांगितले. सामना जानेवारीत ढकलला आहे. पाहुण्या शाळेनं त्यांच्या मैदानावर खेळू या असं सुचवलं, त्यावर आमच्या मुलींचं म्हणणं असं की तक्त्यात आमचं मैदान लिहिलंय तर आमच्याच मैदानावर. नाटकाच्या तालमीच्या मधल्या वेळात खार आणि कंपनी मांडवाच्या पडद्यामागे दुहेरी साखळी घालते, आणि सांस्कृतिकच्या मॅडम माझ्याकडे तक्रार घेऊन येतात.